टिपण आणि भाकीत

मराठी घरांत जन्मपत्रिकेला एक जुना, साधा शब्द आहे : टिपण. मुलीचें लग्न काढलें कीं ‘टिपण पाठवा’ असा निरोप येतो. टिपण जमलें, टिपण जमत नाहीं, हे बोल आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेले आहेत. पण ह्या शब्दाचा अर्थ आपण क्वचितच मनांत आणतों. टिपण म्हणजे टिपून ठेविलेली नोंद. अमक्या दिवशीं, अमक्या वेळीं, अमक्या गांवीं मूल जन्मलें आणि त्या वेळीं कोणता ग्रह आकाशांत कोठें होता, एवढाच मजकूर तींत असतो. त्या मुलानें पुढें कोणता धंदा करावा, कोणत्या घरीं सोयरीक जोडावी, कोणत्या वर्षीं जपून असावें, हें टिपणांत लिहिलेलें नसतें. तें जोशीबुवा सांगतात, आणि त्याला आपण भाकीत म्हणतों. टिपण आणि भाकीत ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत. शेंकडों वर्षें त्या एकाच कागदाच्या गुंडाळींत राहिल्यामुळें आपण त्या एकच मानूं लागलों. पहिलीचें मोल फार मोठें आहे. दुसरीचें मोल सांगणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. आणि दोहोंची गल्लत झाली कीं घरांतील माणसांचें, विशेषतः मुलींचें, नुकसान होतें. एवढीच गोष्ट आज इतिहासाच्या आधारानें मला आपल्यापुढें मांडावयाची आहे.

उदाहरणें शोधण्यास दूर जावयास नको. माझें गांव आळे. तें जुन्नर तालुक्यांत, पुणें-नाशिक रस्त्यालगत आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनीं पैठण येथें ज्या रेड्याच्या मुखानें वेद वदविले, तो रेडा परतीच्या वाटेवर आळे येथें निवर्तला आणि तेथेंच त्यास समाधि दिली, अशी परंपरा आहे. त्या समाधीच्या दर्शनास आजही दूरदूरचे वारकरी येतात. आतां पहा, ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली, ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ मध्यें आळंदीस समाधि घेतली, ह्याविषयीं फारसा वाद नाहीं. परंतु त्यांचें जन्मवर्ष कोणी शके ११९३ धरतात, कोणी शके ११९७ धरतात. चार वर्षांचा हा फरक पंडितांच्या वादांत अजून जिवंत आहे. ज्या ग्रंथावर मराठी भाषा उभी राहिली, त्या ग्रंथकर्त्यानें तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास पुरा केला कीं एकोणिसाव्या, हें त्या चार वर्षांवर ठरतें. जन्माचें विश्वसनीय टिपण हातीं असतें, तर हा वाद उभाच राहिला नसता.

ह्याच तालुक्यांत दुसरें स्थळ आहे शिवनेरी. तेथें जन्मलेल्या पुरुषाचें टिपण मात्र सांपडलें, आणि त्यानें इतिहासाची केवढी सेवा केली तें पाहण्यासारखें आहे. तत्पूर्वीं टिपण कसें बनतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

आकाशांतील ज्या पट्ट्यांतून सूर्य, चंद्र आणि ग्रह फिरतात, त्याचे बारा समान भाग म्हणजे राशी आणि सत्तावीस समान भाग म्हणजे नक्षत्रें. जन्मसमयीं पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न असें म्हणतात. लग्न सुमारें दोन तासांनीं, म्हणजे पांच घटिकांनीं, बदलतें. चंद्र एका नक्षत्रांत सुमारें एक दिवस असतो, एका राशींत सव्वादोन दिवस असतो. सूर्य एका राशींत महिनाभर असतो, शनि अडीच वर्षें असतो. म्हणजे कुंडली हें एक प्रकारचें घड्याळ आहे. शनि हा त्याचा वर्षांचा कांटा, सूर्य महिन्यांचा, चंद्र दिवसांचा आणि लग्न तासांचा. पूर्वीं घरोघरीं घड्याळें नव्हतीं. पाण्याच्या भांड्यांत बुडणारें घटिकापात्र किंवा सूर्योदयानंतर किती वेळ लोटला ह्याचा अंदाज, हींच साधनें होतीं. साठ घटिकांचा दिवस आणि साठ पळांची घटिका. आजच्या मापानें घटिका म्हणजे २४ मिनिटें.

आतां शिवनेरीकडे वळूं. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे इ. स. १६२७ मध्यें झाला, असें उत्तरकालीन बखरींच्या आधारें पुष्कळ वर्षें मानीत असत. पुढें लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली मिळविली आणि ती १९१६ च्या सुमारास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध झाली. तींत जन्मतिथि निराळीच निघाली : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. महाराजांच्याच पदरीं असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यांतही हेंच वर्ष आणि हीच तिथि आहे. तरीही वाद मिटेना. नंतर जोधपुरास एका जुन्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहांत नांवाजलेल्या पुरुषांच्या कुंडल्या सांपडल्या, त्यांत शिवाजी महाराजांची कुंडली निघाली. राजस्थानांतील त्या ज्योतिष्याला कारीच्या जेध्यांची शकावली ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरी त्याचीही तिथि फाल्गुन वद्य तृतीया आणि वार शुक्रवारच. वेळ सूर्योदयानंतर ३० घटिका ९ पळें. सूर्य कुंभ राशीच्या तेविसाव्या अंशाच्या आसपास आणि लग्न सिंह राशीच्या अखेरच्या अंशांत.

ह्या नोंदीची परीक्षा शाळेंत गणित शिकलेल्या कोणासही करतां येते. फाल्गुन वद्य तृतीयेची इंग्रजी तारीख जुन्या गणनेप्रमाणें १९ फेब्रुवारी १६३० येते. आजच्या गणनेनें ती १ मार्च होते. वार काढला तर शुक्रवारच येतो. फाल्गुनांत सूर्य कुंभेंत असावयाचा, तो आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, तेथून तो दोन-तीन दिवस पुढें सरकला म्हणजे कन्या राशींत, हस्त नक्षत्रांत येतो; तसा तो येतो. सूर्योदयापासून तीस घटिका म्हणजे बारा तास. त्या ऋतूंत दिनमान बारा तासांहून किंचित् कमी असतें, तेव्हां वेळ सूर्यास्तानंतर लगेचची झाली. सूर्य कुंभेच्या तेविसाव्या अंशांत मावळला तर त्याच क्षणीं पूर्वेस समोरच्या सिंहेचा तेविसावा अंश उगवला पाहिजे. आणखी थोडा वेळ गेल्यावर लग्न सिंहेच्या अखेरीस पोंचणार. तेंही जुळतें. वार, तिथि, नक्षत्र, सूर्य, लग्न आणि वेळ अशीं सहा साक्षीदार माणसें जणूं निरनिराळ्या दारांनीं आंत आलीं आणि त्यांनीं एकच साक्ष दिली. दत्तो वामन आपटे आणि मो. रा. परांजपे ह्यांनीं १९२७ सालीं ह्या प्रश्नावर इंग्रजींत स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केलें. पुढें महाराष्ट्र शासनानें शिवजयंतीसाठीं १९ फेब्रुवारी हीच तारीख मान्य केली. टिपणाचें सामर्थ्य हें असें आहे. तें तपासतां येतें.

आणि ह्याच जन्माच्या प्रसंगीं भाकीत कसें वागतें तेंही पहा. शिवभारताचा कर्ता सांगतो कीं, ह्या बालकाच्या जन्मकाळीं पांच ग्रह उच्च स्थानीं होते आणि ते त्याचें साम्राज्यवैभव सुचवीत होते. ऐकावयास हें फार गोड वाटतें. पण गणित काय म्हणतें? उच्चीचा सूर्य मेषेंतला. त्या दिवशीं तो कुंभेंत होता. उच्चीचा चंद्र वृषभेंतला; त्या दिवशीं तो कन्येंत होता. उच्चीचा बुध कन्येंतला. आणि बुध हा सूर्याला सोडून कधींच दूर जात नाहीं, म्हणून सूर्य कुंभेंत असतां बुध कन्येंत असणें शक्यच नाहीं. राहु-केतु सोडले तर ग्रह सात. त्यांतले तीन बाद झाले, उरले चार. चारांतून पांच कसे निवडावे? उत्तर सोपें आहे. कालिदासानें रघुवंशांत रघूच्या जन्मकाळीं असेच पांच ग्रह उच्चीचे केलेले आहेत. थोर पुरुषाचा जन्म वर्णावयाचा तर पांच ग्रह उंचावर बसवावयाचे, हा कविसंकेत होता. परमानंदानें तिथि खरी दिली, कारण ती टिपलेली होती. ग्रह मात्र त्यानें गौरवासाठीं बसविले, कारण पराक्रम त्याच्या डोळ्यांपुढें होता. पत्रिका पाहून पराक्रम ओळखला गेला नाहीं; पराक्रम पाहून पत्रिका सजविली गेली. भविष्यकथनाच्या इतिहासांत हा प्रकार वारंवार दिसतो.

महाराजांच्याच चरित्रांत दुसरा प्रसंग आहे. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. गागाभट्टासारख्या काशीच्या महापंडिताच्या देखरेखीखालीं सर्व विधि झाला होता. अवघ्या अकरा दिवसांनीं जिजाबाई निवर्तल्या. तेव्हां निश्चलपुरी गोसावी पुढें आला आणि त्यानें पहिल्या अभिषेकांत दोष राहिल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक झाला. एका विद्वानानें काढलेली वेळ दुसऱ्या विद्वानाला सदोष दिसली, आणि ती दिसली घटना घडून गेल्यावर. ह्याच राजाच्या आज्ञेनें कृष्ण दैवज्ञानें ‘करणकौस्तुभ’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचिला, हेंही लक्षांत ठेविण्याजोगें आहे. गणित बिनचूक असावें ही काळजी राजाला होती. अपशकुन सांगणाऱ्यांचें समाधान त्यानें केलें, पण राज्याचें काम एक दिवसही थांबूं दिलें नाहीं.

आतां जोशीबुवा पत्रिका पाहून सल्ला देतात तो कसा, हें पाहूं. लग्नापासून बारा घरें मोजतात : तनु, धन, सहज, सुख, सुत, रिपु, जाया, मृत्यु, भाग्य, कर्म, लाभ आणि व्यय. समजा, एखाद्यानें विचारिलें, ‘परगांवची नोकरी धरूं कीं नको?’ तर जोशी कर्मस्थान पाहतात, त्या राशीचा स्वामी कोठें बसला आहे तें पाहतात. मग जन्मनक्षत्रावरून दशा काढतात. ही दशांची सांखळी १२० वर्षांची असते. तींत शुक्राच्या वांट्याला २० वर्षें, शनीच्या १९, राहूच्या १८, तर रवीच्या अवघीं ६. शेवटीं आजचे ग्रह जन्मकुंडलीवरून कसे चालले आहेत तें पाहून निर्णय सांगतात. ह्या पद्धतींतील पुष्कळ भाग बाहेरून आलेला आहे. होरा, केंद्र, द्रेष्काण हे शब्द मूळचे ग्रीक आहेत आणि सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें यवन आचार्यांचा उल्लेख आदरानें केला आहे. जुन्या वेदांगज्योतिषांत नक्षत्रें आहेत, पण बारा राशींची जन्मकुंडली नाहीं. हा सगळा इतिहास मराठींत प्रथम सांगोपांग लिहिला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं, १८९६ सालीं. दीक्षित हे मूळचे कोंकणांतील मुरूडचे, शिक्षणानें मॅट्रिक आणि पेशानें शाळामास्तर. आम्हां मास्तर मंडळींना त्यांचा अभिमान वाटतो तो उगाच नव्हे.

गांवगाड्यांत जोशी हा वतनदार होता. पंचांग सांगणें, बारशाला नक्षत्राच्या चरणावरून नांवाचें अक्षर काढून देणें, लग्नाची तिथि धरणें, ही त्याची कामें. त्याबद्दल त्याला बलुतें मिळे. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या जोशाला गांवांतील प्रत्येक घर ठाऊक असे. कोणाच्या शेतांत विहिरीला पाणी आहे, कोणाच्या घरांत सासू तापट आहे, कोणता मुलगा कामाला वाघ आणि कोणता व्यसनी, हें त्याला पत्रिका उलगडण्यापूर्वींच माहीत असे. त्याचा सल्ला पुष्कळदां शहाणपणाचा ठरे तो ह्या माहितीमुळें. ‘यंदा ग्रह बरे नाहींत, पुढल्या वर्षीं पाहूं’ असें म्हणून त्यानें कित्येक घाईचीं लग्नें लांबविलीं असतील, भावाभावांचीं भांडणें टाळलीं असतील. हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. पण तो अधिकार वतनाचा होता, आणि वतन म्हटलें कीं सक्ति आलीच. आमच्याच तालुक्यांत ओतूर येथें महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक मताच्या मंडळींनीं जोशाला न बोलावितां लग्नें लाविलीं, तेव्हां जोशांनीं आपल्या हक्कासाठीं कोर्टांत दावे लाविले. लग्नें जोशावांचून लागलीं, संसारही झाले. सल्ला घेणें न घेणें हें ज्याचें त्यानें ठरवावें, हा विचार जुन्नरच्या मातींत इतका जुना आहे.

शिवाय पत्रिका सर्वांजवळ होती असेंही नाहीं. शाळेच्या जुन्या नोंदवह्या मी वर्षानुवर्षें हाताळल्या आहेत. त्यांत जन्मतारखेच्या रकान्यांत एक जून, एक जून, एक जून अशी रांग लागलेली दिसते. जूनमध्यें शाळा उघडे. बाप मुलाला घेऊन येई. जन्म केव्हांचा विचारलें तर ‘मोठ्या पुराच्या साली’ असें कांहींतरी सांगे. मग मास्तर एक जून लिहून मोकळे होत. जन्माची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालीं झाला. तोंवर शेतकरी, मजूर, कारागीर ह्यांच्या मुलांचें टिपण करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. अशा माणसांना जोशी नांवाच्या पहिल्या अक्षरावरून रास सांगत. म्हणजे आईबापांनीं आजोबांचें नांव ठेविलें म्हणून मुलाची रास बदलली! टिपणच नाहीं, तेथेंही भाकीत मात्र तयार.

बरें, टिपण आहे असें धरूं. तरी तें कोणत्या पंचांगानें केलें हा प्रश्न राहतोच. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें ‘ग्रहलाघव’ रचिला आणि महाराष्ट्राचीं पंचांगें पुढें साडेतीनशें-चारशें वर्षें त्यावरून चाललीं. काळ लोटला तसें ग्रह आकाशांत एकीकडे आणि पंचांगांत दुसरीकडे दिसूं लागले. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं १८६५ पासून वेध घेऊन तयार झालेल्या कोष्टकांवरून नवें पंचांग सुरूं केलें, तेंच पटवर्धनी पंचांग. लोकमान्य टिळकांनीं हा पक्ष उचलला. परंतु राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा ह्याविषयीं मतभेद झाला. टिळकपक्ष रेवती नक्षत्रांतील एका तारेपासून मोजी, व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा नक्षत्राच्या आधारें मोजीत. ह्या दोन आरंभांत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. म्हणूनच टिळक पंचांगांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि इतर पंचांगांत १४ जानेवारीच्या सुमारास. चार अंश चालावयास चंद्राला सुमारें सात तास लागतात. तेव्हां त्या सात तासांत जन्मलेल्या मुलाची एका पंचांगानें एक रास आणि दुसऱ्यानें दुसरी. एकाच मुलाला साडेसाती आहे आणि नाहीं! दोन्ही पंचांगकर्ते गणितांत निष्णात, दोघेही प्रामाणिक.

वेळेचा घोटाळा तर आणखी निराळा. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरूं झाली, पण मुंबईंत ३९ मिनिटें मागें असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालू होती. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ ते १९४५ ह्या काळांत देशांतील घड्याळें एक तास पुढें केलीं होतीं. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या टिपणावर ‘सकाळीं आठ’ असें लिहिलेलें असेल, तर ते आठ कोणत्या घड्याळाचे? एका तासांत लग्न अर्धी रास सरकतें. निम्मीं माणसें त्या तासानें दुसऱ्या लग्नाचीं होतील.

आतां त्या अंकगणिताकडे या, ज्याला मी खरोखर भितों. महाराष्ट्रांतील रिवाजाप्रमाणें पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरांतला मंगळ लग्नाला वाईट. बारा घरांपैकीं पांच घरें गेलीं. म्हणजे बारा मुलींतील पांच मुली जन्मतःच मंगळाच्या. साडेसाती ही जन्मराशीच्या मागची, तीच आणि पुढची अशा तीन राशींतून शनि जाईतों मानतात. म्हणजे कोणत्याही क्षणीं देशांतील चौथा हिस्सा लोक साडेसातींत. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला आणि विशाखेची धाकट्या दिराला वाईट, असा समज आहे. सत्ताविसांपैकीं चार नक्षत्रें झालीं. सात मुलींमागें एक. मूळ नक्षत्र सर्व पृथ्वीवर एकाच वेळीं असतें. त्या दिवशीं जन्मलेल्या लक्षावधि मुलींचे सासरे जर त्यामुळें निवर्तत असते, तर ती गोष्ट लपून राहिली नसती. इतक्या मोठ्या जाळ्यांत कोणीतरी सांपडणारच. आणि सांपडलेल्यापैकीं कोणाच्या तरी घरीं दुःख येणारच. मग आपण म्हणतों, ‘पहा, पत्रिकेंत होतेंच.’

हें नुसतें तर्कानें बोलून भागणार नाहीं, परीक्षा पाहिजे, असें कोणी म्हणेल. तशी परीक्षाही पुण्यांत झालेली आहे. २००८ सालीं खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोळकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे ह्यांनीं ती घेतली. शंभर हुशार मुलें आणि मतिमंद मुलांच्या शाळांतील शंभर मुलें, अशा दोनशें मुलांच्या पत्रिका केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पत्रिका देऊन विचारलें कीं, ह्यांत हुशार कोण आणि मतिमंद कोण तें सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें धाडलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं, तर चाळिसांत वीस बरोबर यावयाचीं. ज्योतिष्यांची सरासरी विसाच्याही कांहीशी खालींच राहिली. बुद्धीची एवढी ढळढळीत तफावत ज्या कागदावरून ओळखतां येत नाहीं, त्या कागदावरून दोन अनोळखी माणसांचा संसार कसा होईल हें कसें ओळखणार?

ज्योतिषी मंडळींचें ह्यावर एक उत्तर असतें आणि तें न्यायानें ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, ‘नुसत्या कागदावरून सांगतां येत नाहीं, माणूस समोर बसला पाहिजे, त्याच्याशीं बोललें पाहिजे.’ मला हें म्हणणें अगदीं पटतें. पण त्याचा अर्थ काय होतो? सल्ला माणसाकडे पाहून, त्याचें ऐकून दिला जातो. ग्रह केवळ बोलण्याला निमित्त होतात. जुन्या ग्रामजोशाचें शहाणपण हेंच होतें. आज मात्र यंत्र एका मिनिटांत बत्तीस पानांची पत्रिका छापून देतें आणि छत्तिसांपैकीं किती गुण जुळले तें सांगतें. त्या यंत्राला विहिरीचें पाणी ठाऊक नाहीं, तापट सासू ठाऊक नाहीं, व्यसनी मुलगा ठाऊक नाहीं. ग्रामजोशाजवळ जें खरें होतें तें गेलें, आणि ज्याची परीक्षा उतरली नाहीं तें तेवढें उरलें. शिकलीसवरलीं घरें, जीं औषध घेतांना दोन डॉक्टरांना विचारतात, तीं मुलीचें स्थळ गुण अठरांहून कमी म्हणून मुलगा न पाहतांच परतवितात. नाकारलेल्या मुलीला कारणही नीट कळत नाहीं. आपल्यांतच कांहीं दोष असावा असें ती मनांत धरून बसते. ह्या दुःखाची नोंद कोणत्याही टिपणांत नसते.

म्हणून, श्रोते हो, माझें सांगणें दोन प्रकारचें आहे. घरांतल्या ट्रंकेंत वाडवडिलांचीं टिपणें असतील तर तीं टाकून देऊं नका. तीं उलगडा. त्यांवरील शक, तिथि, वार, गांव आणि माणसांचीं नांवें स्वच्छ अक्षरांत उतरून ठेवा. आजींची खरी जन्मतारीख, गांव सोडल्याचें वर्ष, एखाद्या विसरलेल्या भावंडाचें अस्तित्व, हें तेथेंच सांपडेल. मोडी वाचणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत; त्यांच्याकडून तीं वाचून घ्या. शिवनेरीच्या जन्माचा निकाल लावण्यास अशींच टिपणें उपयोगी पडलीं.

आणि त्याच कागदावरून कोणी आपल्या मुलामुलीचें भवितव्य सांगूं लागला, तर त्याचें ऐकावें तें एखाद्या वडील माणसाचें ऐकावें तसें. तो शहाणा असेल तर त्याचा सल्ला उपयोगी पडेल, ग्रहांवांचूनही पडेल. पण निर्णय आपण घ्यावा. मुलाची प्रकृति, वागणूक, कमाई आणि व्यसन ह्यांची चौकशी आपण करावी. मुलीला काय हवें तें तिला विचारावें. आणि तिच्या टिपणांतला मंगळ कोणी पुढें केला, तर बारांपैकीं पांच घरें गेल्याचा तो हिशेब त्याच्यापुढें मांडावा.